अंगठा जुळत नाही

सकाळी आठला यंत्र बोलतं,
"पुन्हा प्रयत्न करा."
द्रौपदी मोचेमाडकर पदराला बोट पुसते,
पुन्हा टेकवते.
"पुन्हा प्रयत्न करा."
मागे अडतीस बायकांची रांग, डब्यांत पेज निवत चाललेली,
खाडीवरून वारा, आणि वाऱ्यात
भाजलेल्या टरफलांचा तो धूर, डोळ्यांत बसणारा.
"काजीन खाल्ल्यान माजो आंगठो, सायबानू.
आता ह्या डबड्याक काय दाकवू?"
रांग हसते. मीही हसतो.
मग संगणक तिच्या नावापुढे आपण होऊन लिहितो
'गैरहजर'
आणि ती माझ्यासमोर उभी असते.

माझा अंगठा पहिल्याच झटक्यात घेतो तो.
वर "धन्यवाद" म्हणतो.

मी मनुष्यबळ अधिकारी. वेंगुर्ल्यापासून सहा किलोमीटर,
पत्र्याच्या शेडला लागून माझी खोली.
भिंतीवर किमान वेतनाचा फलक, मराठीत, नियमाप्रमाणे.
खाऱ्या हवेनं खिळे गंजलेत म्हणून एका बाजूला कललेला.
शेजारी तक्रार समितीची यादी,
जिची अध्यक्ष लग्न होऊन पेडण्याला गेली
त्याला दोन वर्षं झाली. तपासणीच्या आदल्या रात्री
आम्ही यादी पुसून घेतो. ओल्या फडक्यानं.

द्रौपदीला या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण.
मालक म्हणाले, "तिची सलग पाच वर्षं भरतात खंय?
दर पावसाळ्यात ब्रेक आहे. बघ तूच."
बघितलं.
कागदावर दर जूनमध्ये तिला काढलेलं
दर सप्टेंबरात नव्यानं घेतलेलं,
नवा अर्ज, नवा फोटो, नवा क्रमांक.
एकवीस वर्षं काम करून
नोकरीत ती कायम नवी.
माझ्या आधीच्या माणसाचं अक्षर सुरेख होतं.
गेल्या तीन वर्षांचं अक्षर माझं आहे.

मग गोदामाच्या माळ्यावर,
रिकाम्या बारदानांखाली, कसर लागलेलं एक खोकं.
'किरकोळ खर्च.'
जून, जुलै, ऑगस्ट. सोलणी, रोजंदारी, रोख.
प्रत्येक पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प
आणि स्टॅम्पवर जांभळा अंगठा.
पहिल्या वर्षीचा बघत बसलो कितीतरी वेळ.
ओहोटीनंतर पुळणीवर राहतात
तशा रेषा, एकीत एक, मधोमध भोवरा.
सहा वर्षांनी भोवऱ्याला भोक.
बाराव्या वर्षी नुसती कड उरली.
शेवटच्या पावत्यांवर
जांभळा डाग.
पण एकही पावसाळा
डागाशिवाय गेलेला नाही.

शेवटचा पगार गुणिले पंधरा
भागिले सव्वीस
गुणिले एकवीस.
कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. तीनदा तेवढेच आले.
तीस दिवसांत द्यायचे, पुढे व्याज.
कायदा मला परीक्षेपुरता पाठ होता.
तो असा चिकट असतो, काजूच्या डिंकासारखा
बोटांना लागून राहतो, हे पुस्तकात नव्हतं.

खोकं मालकांच्या टेबलावर ठेवलं.
त्यांनी वरची पावती उचलली, उलटी केली, सुलटी केली.
"ही तुला गावली कशी?"
मी म्हटलं, झाडलोट करताना.
"तुला कुणी सांगितली झाडलोट?"
पंखा फिरत होता.
त्यांनी पावती परत ठेवली, अगदी हलकेच,
जशी तुटेल.
माझ्या नोकरीला अजून दोन वर्षं कमी आहेत पाचाला
हे त्यांना आठवलं असेल. मला तर आठवलंच.

दुपारी द्रौपदीला बोलावलं. अर्ज भरायचा होता.
नाव, पत्ता, रुजू झाल्याची तारीख –
तारखेला ती हसली, "माडाची दोन पिलां तेव्हा लायलेली."
ती पहिली पावती पुढे केली.
"ह्यो कोणाचो?"
"तुमचाच."
तिनं कागद उजेडाकडे धरला,
आपला आत्ताचा अंगठा शेजारी नेला,
गुळगुळीत, काळसर, गरासारखा.
"आगो बाये," ती म्हणाली,
"केदो देखणो होतो."

अर्जाखाली रकाना आहे, सही किंवा अंगठा.
मी पेन पुढे केलं.
ती शाईचा पॅड शोधत होती.